मायक्रॉन सारखे, फिल्म वेगळी: द्राक्षपेटीच्या लायनरवरच्या प्रकल्प नोंदी

४ डिसेंबर

मार्गदर्शक मॅडमनी विषयाला आज होकार दिला. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प द्राक्षपेटीतल्या प्लास्टिक लायनरवर, म्हणजे पेटीच्या आतून लावतात त्या पातळ फिल्मवर. पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या लांबलचक रेणूंच्या, साखळ्या आत कशा बसल्या आहेत यावरून फिल्म किती चिवट, किती नितळ आणि तिच्यातून वाफ व वायू किती आरपार जातात हे ठरतं. ते मोजून दाखवायचं.

प्रश्न मुळात मामांचा. निफाड तालुक्यातल्या त्यांच्या पॅकहाउसमध्ये दोन ठिकाणांहून लायनर येतात. दोन्ही १०० गेज जाडीचे, म्हणजे साधारण २५ मायक्रॉन. एक मऊ आणि नितळ, दुसरा किंचित धुरकट आणि हातात घेतला की करकरणारा. मामा म्हणाले, "मायक्रॉन सारखाच, मग माल सारखा का नाही? हेच शिकतेस ना तू, मग सांग की." पिंपळगावला विचारा नाहीतर दिंडोरीला, फिल्म घेताना पहिला प्रश्न मायक्रॉनचा असतो आणि बहुतेकदा शेवटचाही तोच. जाडी महत्त्वाची आहेच. पण तिचा नंबर दुसरा आहे असं माझं म्हणणं आहे, आणि ते नुसतं म्हणून चालणार नाही.

९ डिसेंबर

वाचन. भोक नसलेल्या फिल्ममधून वायू जातोच कसा, इथून सुरुवात केली.

थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्ये रबराच्या पातळ पडद्यांवर काम करून याचं उत्तर दिलं होतं. वायू आधी पडद्याच्या एका बाजूला विरघळतो, मग आतून सरकत जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. त्याआधी ११ वर्षं, १८५५ मध्ये, फिक यांनी विसरणाचा, म्हणजे रेणू दाट जागेकडून विरळ जागेकडे पसरण्याचा, नियम मांडला होता. दोन्ही एकत्र केलं की आजही वापरतात ते सूत्र मिळतं: पारगम्यता म्हणजे विद्राव्यता गुणिले विसरणाचा वेग. किती रेणू आत शिरतात हा एक भाग, आणि शिरलेले किती झपाट्याने पुढे सरकतात हा दुसरा.

या दोन भागांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं. रेणू लहान म्हणजे तो जास्त जाणार, असं आपण धरून चालतो. पण सल्फर डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा मोठा असूनही पॉलिथिनमध्ये जास्त विरघळतो, कारण त्याचं द्रवात रूपांतर सहज होतं. तो उणे १० अंशांना उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ ला. जो वायू सहज द्रव होतो तो पॉलिमरमध्येही सहज मुरतो. द्राक्षपेटीत तर बुरशी दाबायला सल्फर डायऑक्साइडवर सगळी भिस्त असते, त्यामुळे या मुद्द्याकडे पुन्हा यावंच लागेल.

आतून सरकणं होतं ते साखळ्यांच्या हालचालीमुळे. पॉलिथिन खोलीच्या तापमानाला वरून घन दिसतं. आत काही साखळ्या घड्या घालून ओळीत बसलेल्या असतात, ते स्फटिक; पण उरलेल्या विस्कळीत भागातल्या साखळ्या सतत वळवळत असतात. त्यांचं काचेसारखं कडक होण्याचं तापमान शून्याखाली १०० अंशांहूनही खाली आहे. वळवळताना क्षणभर पोकळी होते, शेजारचा रेणू तिच्यात उडी मारतो, पोकळी मिटते. पाण्याच्या बाटलीचं पीईटी याच्या उलट. ते ७० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय कडकच, साखळीत बेंझिनची ताठ कडी, त्यामुळे पोकळ्या कमी आणि उड्याही कमी. तेवढ्याच जाडीच्या साध्या पॉलिथिनमधून पीईटीच्या शंभरेक पट ऑक्सिजन जातो.

१५ डिसेंबर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत फिल्म बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये दिवसभर होते. दोन मशिनं, मालक स्वतः उभे राहून काम बघणारे. प्लास्टिकचा वितळलेला दाणा गोल डायमधून (साच्यातून) वर येतो, आत हवा भरली की फुगा होतो, बाहेरून थंड हवेचा झोत. फुग्यावर एका उंचीला धुरकट कडं दिसतं, त्याला ते फ्रॉस्ट लाइन म्हणतात. त्याखाली फिल्म वितळलेली, त्यावर गोठलेली. सगळी स्फटिकरचना त्या कड्यापाशी ठरते. ऑपरेटरभाऊंनी हवेचा झोत कमी करून दाखवला. कडं वर सरकलं आणि फिल्म जरा धुरकट झाली. सावकाश थंड झाल्यावर साखळ्यांना घड्या घालून ओळीत बसायला वेळ मिळतो, स्फटिक मोठे होतात आणि प्रकाश विखुरतो. पुस्तकात हे एका वाक्यात आहे. डोळ्यासमोर कडं वर चढताना पाहणं फार वेगळं.

एलडी (कमी घनतेचं पॉलिथिन) आणि एचडी (जास्त घनतेचं) या दाण्यांतला फरक मालकांना हाताला कळतो. त्यामागचं रसायन मी त्यांना सांगितलं, त्यांनीही बारकाईने ऐकलं. दोन्ही एकाच इथिलीनपासून होतात. प्रचंड दाबाखाली केलेल्या एलडीमध्ये साखळी वाढता वाढता स्वतःकडे किंवा शेजारच्या साखळीकडे वळते आणि फांद्या फुटतात, आखूडही आणि लांबही. इथिलीनपासून पॉलिथिन पहिल्यांदा सापडलं ते याच वाटेने, १९३३ मध्ये, इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत. १९५३ मध्ये कार्ल त्सिग्लर यांच्या उत्प्रेरकाने कमी दाबावर जवळजवळ सरळ साखळी मिळाली, ते एचडी. फांदी स्फटिकात मावत नाही. म्हणून फांद्या जास्त तिथे स्फटिक कमी, आणि स्फटिक कमी तिथे घनता कमी. घनतेचा हा आकडा दाण्याच्या प्रत्येक पोत्याच्या कागदावर असतो. लायनरच्या बिलावर मात्र नसतो.

दोन्ही दाण्यांची २५ मायक्रॉनची फिल्म काढून दिली. तिसरा नमुना एलएलडीचा, म्हणजे सरळ साखळीच्या पण कमी घनतेच्या पॉलिथिनचा. त्यात लांब फांद्या नाहीत, ब्युटीन किंवा ऑक्टीन मिसळून मुद्दाम लावलेल्या आखूड फांद्या तेवढ्या.

१८ डिसेंबर

घनता मोजली. महागडं यंत्र लागत नाही. अल्कोहोल आणि पाण्याची वेगवेगळ्या प्रमाणातली मिश्रणं, हायड्रोमीटर आणि फिल्मचे बारीक तुकडे. तुकडा ज्या मिश्रणात तरंगतही नाही आणि बुडतही नाही, त्या मिश्रणाची घनता ती त्याची. तुकड्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर तो खोटा तरंगतो, म्हणून आधी ओला करून चिमट्याने दाबून घ्यायचा.

मामांचा मऊ लायनर ०.९२ च्या जवळ, करकरणारा ०.९५ च्या जवळ. म्हणजे पहिला कमी घनतेचा, दुसरा एचडी. पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळालं: मायक्रॉन सारखा, पण माल एक नाही.

आता हिशेब. पॉलिथिनचा शुद्ध स्फटिक १.०० घनतेचा आणि पूर्ण विस्कळीत पॉलिथिन ०.८५५ चं धरलं, तर ०.९२ च्या फिल्ममध्ये आकारमानाने ४५ टक्के स्फटिक आणि ५५ टक्के विस्कळीत भाग. ०.९५ मध्ये स्फटिक सुमारे ६५ टक्के, विस्कळीत ३५. घनतेत फरक फक्त ०.०३ चा, पण आतली मांडणी किती बदलली.

२२ डिसेंबर

कप लावले. कपात निर्जल कॅल्शियम क्लोराइड, तोंडावर फिल्म, कडेने मेण. कप बंद पेटीत, पेटीत पोटॅशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण, आणि सगळं ३८ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये. या मिठाच्या द्रावणावर ३८ अंशांना हवेची आर्द्रता साधारण ९० टक्क्यांवर स्थिर राहते. वाफ फिल्ममधून आत जाणार, कॅल्शियम क्लोराइड ती शोषणार, कपाचं वजन वाढणार. एका कपावर फिल्मऐवजी ॲल्युमिनियमची फॉइल लावली. त्याचं वजन वाढलं तर मेणाची कड गळतेय असं समजायचं.

२ जानेवारी

फॉइलचा कप जागचा हलला नाही. बाकीच्यांच्या वजनवाढीच्या रेषा सरळ आल्या, म्हणजे प्रवाह स्थिरावला आहे.

एलडीतून जाणारी वाफ छापील आकड्यांना धरून आहे: २५ मायक्रॉनला, याच परिस्थितीत, चौरस मीटरमागे दिवसाला १५ ते २० ग्रॅमच्या पट्ट्यात. एचडीतून त्याच्या साधारण एक तृतीयांश.

इथे मी बराच वेळ अडकून राहिले, आणि प्रकल्पाचा गाभा मला इथेच दिसतो. स्फटिकात रेणू शिरत नाहीत, वाहतूक होते ती विस्कळीत भागातूनच. तो भाग ५५ वरून ३५ टक्क्यांवर आला, म्हणजे साधारण १.६ पट घटला. मग वाफ तीन पट का घटावी? वाट १.६ पट अरुंद झाली असं मानलं, तरी उरलेली जवळजवळ दुपटीची घट कुठून आली?

मायकेल्स आणि बिक्सलर यांनी १९६१ मध्ये पॉलिथिनमधल्या वायूंवर जे काम प्रसिद्ध केलं त्यात याचं उत्तर आहे. विस्कळीत भाग घटला की विद्राव्यता त्या प्रमाणात घटते, हा १.६ चा हिशेब. विसरणाचा वेग वेगळा घटतो, तोही दोन कारणांनी. पहिलं कारण वळसा. स्फटिक म्हणजे घड्या घातलेल्या साखळ्यांच्या चपट्या पाट्या, जाडी नॅनोमीटरमध्ये दहाच्या आसपास पण रुंदी त्याच्या कित्येक पट. द्राक्षबागेत ओळींना आडवं चालत जायचं झालं तर मांडवाच्या तारांमुळे प्रत्येक ओळीच्या टोकापर्यंत जाऊन वळावं लागतं, तसा रेणू पाट्यांना वळसे घालत जातो. फिल्म २५ मायक्रॉनची, पण त्याची चाल त्याहून लांबची. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. विस्कळीत साखळ्यांची टोकं बहुतेकदा शेजारच्या स्फटिकात रुतलेली असतात. स्फटिक वाढले की मधल्या साखळ्या दोन्हीकडून धरल्या जातात, त्यांची वळवळ कमी होते, पोकळ्या उघडण्याचं प्रमाण घटतं. स्फटिक स्वतः वाट अडवतातच, शिवाय शेजारच्या मोकळ्या भागालाही आखडून टाकतात.

ऑक्सिजनचे छापील आकडे हेच सांगतात. २५ अंशांना एलडीमध्ये त्याच्या विसरणाचा गुणांक ०.४६, एचडीमध्ये ०.१७, दोन्ही सेकंदाला चौरस सेंटीमीटरच्या दहा लाखाव्या भागात. रसायन एकच, कार्बन-हायड्रोजनचीच साखळी, आणि केवळ मांडणीमुळे वेगात २.७ पट फरक. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे पान अहवालात पहिलं घे."

५ जानेवारी

जाडीचा हिशेब. दुप्पट जाडीने स्थिर प्रवाह निम्मा होतो. पण रेणू पहिल्यांदा पलीकडे पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. तो काढायचा तर जाडीचा वर्ग भागिले विसरण गुणांकाची सहा पट. वरच्या ०.४६ वरून ऑक्सिजनला २५ मायक्रॉन एलडी ओलांडायला सव्वादोन सेकंद, ५० मायक्रॉनला ९ सेकंद, शेततळ्याला टाकतात त्या ५०० मायक्रॉनचा कागद एलडीचा धरला तर १५ मिनिटं. द्राक्षाच्या प्रवासाला आठवडे लागतात, तिथे या सेकंदांना काही किंमत नाही. उपयोग होतो तो स्थिर प्रवाहाचा. एलडी ते एचडी एवढा एक बदल वाफेसाठी जाडी तिप्पट करण्याइतका आहे, आणि प्लास्टिक वाढत नाही.

१२ जानेवारी

नायलॉन-६ ची फिल्म लावली होती. मॅडमनी मुद्दाम सुचवलेली, कारण नायलॉन ऑक्सिजन अडवण्यात पॉलिथिनपेक्षा कितीतरी सरस. वाफेच्या कपात मात्र ते एलडीच्या दहा पटींच्याही पुढे गेलं.

नायलॉनच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात, म्हणून ऑक्सिजनला जागा मिळत नाही. पाणी मात्र ते बंध स्वतःच जोडू शकतं. ते आत शिरतं, दोन साखळ्यांमधला बंध सोडवून तिथे बसतं आणि साखळ्या सैल करतं. पूर्ण भिजलेलं नायलॉन-६ वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं, आणि त्याचं कडक होण्याचं तापमान ५० अंशांच्या आसपासचं थेट शून्याखाली घसरतं. ईव्हीओएचचं (इथिलीन आणि व्हिनाइल अल्कोहोलच्या प्लास्टिकचं) तेच: कोरडं असताना ऑक्सिजनसाठी त्याच्यासारखा अडसर नाही, दमट हवेत तो गुण उतरत जातो. म्हणून ते नेहमी दोन पॉलिथिनच्या थरांमध्ये घालतात, बाहेरच्या थरांनी पाणी अडवायचं आणि आतल्याने ऑक्सिजन.

म्हणजे "चांगली फिल्म" असं काही नसतं. कशासाठी चांगली, ते आधी सांगावं लागतं. आपल्या नाशिकच्या चिवड्याला दोन धास्ती: वाफ आत गेली तर तो सादळतो, ऑक्सिजन गेला तर तेलाला खवट वास येतो. पॉलिथिनची पिशवी पहिलं थांबवते, दुसरं नाही. कुरकुरीत असूनही खवट लागणाऱ्या चिवड्याचं कारण हेच असतं.

२७ जानेवारी

मामांकडे हंगाम जोरात. पहाटेपासून पॅकहाउसमध्ये होते. थॉम्सन आणि शरद, द्राक्षाच्या दोन्ही जाती चालू. घड निवडून, मणी कातरून पेट्या भरायच्या, मग प्रीकूलिंग, माल गार झाला की वर एसओटू (सल्फर डायऑक्साइड सोडणारं) पॅड, लायनरची घडी, आणि शीतगृह. तापमान शून्याच्या आसपास, आर्द्रता ९० ते ९५ टक्के.

इथे माझ्या ३८ अंशांच्या आकड्यांचा अर्थ बदलतो आणि तो नीट मांडायला हवा. ३८ अंशांना हवेतल्या वाफेचा संपृक्त दाब सुमारे ६.६ किलोपास्कल, शून्याला ०.६१. ढकलणारा जोरच अकरा पट घटला. त्यातच थंडीने साखळ्यांची वळवळ मंदावते. म्हणजे शीतगृहात कुठलंही पॉलिथिन वाफ भरपूर अडवतं, आणि देठ हिरवे राखायला ते पुरे. उलट भीती कोंडलेल्या ओलाव्याची. माल पुरेसा गार न करता लायनर मिटला तर आतून दव धरतं, आणि राखाडी बुरशी शून्य अंशालाही सावकाश वाढत राहते.

म्हणून लायनरला भोकं पाडतात. भोकाचा परिणाम किती मोठा असतो ते मामांना हिशेबाने सांगितलं. ऑक्सिजनचं हवेतलं विसरण एलडीमधल्या विसरणाच्या चार-साडेचार लाख पट वेगाने होतं. भोकं पडली की वायूंच्या बाबतीत कारभार भोकांकडे जातो, फिल्म एलडी की एचडी याचं वजन कमी होतं. मामा शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे मायक्रॉन विचारायच्या आधी भोकं मोजायची." अगदी तेच. किती, केवढी आणि कुठे.

आणि पॅड. एक पॅड मला उघडून दिलं. ज्यांना साखळीची रचना म्हणजे नुसता पुस्तकी विषय वाटतो त्यांनी हे बघावं. आत सोडियम मेटाबायसल्फाइट. पेटीतली वाफ त्याच्यापर्यंत पोचली की सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बुरशी दाबतो. दोन टप्प्यांच्या पॅडमध्ये एक भाग कागदाआड, तो पहिल्या एक-दोन दिवसांत जोरात सुटतो. दुसरा प्लास्टिकच्या थराआड, तो आठवडेच्या आठवडे थोडा थोडा. ही सगळी वेळ राखतं कोण? तो पातळ थर. वाफ त्याच्यातून आत मुरणार, वायू त्याच्यातूनच बाहेर येणार. इथे ९ डिसेंबरचा मुद्दा कामी येतो: वायू मोठा, पण पॉलिथिनमध्ये चांगला विरघळणारा, म्हणून थर त्याला कोंडून ठेवत नाही, सावकाश सोडतो. आत दव साचलं तर पहिला टप्पा एकदम सुटतो आणि मण्यांवर देठाकडून पांढरट डाग चढतात. मामांनी असे मणी दाखवले. वर्षभराच्या छाटणीचा, डिपिंगचा, थंडीत रात्री जागून बाग राखण्याचा माल असा डागी निघाला की फार वाईट वाटतं. त्यामागे वाफेची गती असते, आणि ती आवरता येते.

६ फेब्रुवारी

ताकद. एचडी वाफेला सरस ठरलं, म्हणून तेच घ्या असं सांगून मोकळं होता येत नाही. फिल्म ओढून आणि चिरून पाहिली. एचडी ओढीला दमदार, पण फुगा ज्या दिशेने ओढला जातो त्या दिशेत एकदा चीर पडली की सरळ फाटत जातं. एलएलडी ताणत जातं, लवकर हार मानत नाही.

कारण पुन्हा आतल्या मांडणीत. एका स्फटिकातून निघून दुसऱ्यात शिरणाऱ्या साखळ्या दोघांना बांधून ठेवतात. एलएलडीच्या आखूड फांद्या साखळीला पूर्ण घडी घालू देत नाहीत, त्यामुळे अशा बांधणाऱ्या साखळ्या जास्त राहतात आणि जोर वाटून घेतात. एचडीच्या सरळ साखळ्या नीट घड्या घालून आपल्याच स्फटिकात बसतात. वाफ अडवण्यासाठी जे हवं, त्यानेच चिवटपणा कमी होतो. द्राक्षाचा वाळका देठ टोकदार असतो आणि पेटीचा कोपराही, तिथे एचडीला चीर गेली तर तिची सगळी वाफरोधक ताकद फुकट.

१४ फेब्रुवारी

अंबडला मामांना सोबत घेऊन गेले. मालकांसमोर आकडे ठेवले. त्यांनी स्वतःच सुचवलं: एलएलडीचा मोठा वाटा, नितळपणासाठी आणि फुगा स्थिर राहावा म्हणून थोडं एलडी, २५ मायक्रॉनच. शीतगृहात वाफेची भीती कमी आणि भोकांचा कारभार मोठा, म्हणून एचडीचा हट्ट नको, हे माझ्याही हिशेबात बसतं. उन्हात उघड्यावर ठेवायच्या मालासाठी उत्तर वेगळं आलं असतं आणि तिथे मी एचडीच सांगितलं असतं.

मामांनी मागणीचा कागद लिहायला घेतला. पहिल्या ओळीत दाणा आणि घनता, दुसरीत भोकांची संख्या, माप आणि जागा, तिसरीत मायक्रॉन. मालक म्हणाले, "घनता बिलावर लिहून मागणारे तुम्ही पहिलेच." पण लिहून दिली, आणि रोलचा एक मीटर तुकडा प्रत्येक खेपेला वेगळा द्यायचंही कबूल केलं. आजचा तुकडा आणला आहे. उद्या अल्कोहोलची मिश्रणं नव्याने करून त्याची घनता बघायची, मग कप.